व सर्व दुकाने

राजूर, ता. ३ मे १९४४

राधाकृष्णा,

जाहीरनाम्याखाली सही साहेबांची होती, तरी दोन ओळी वाचल्या आणि मी जहिराला म्हटलं, "हा आपला राधाकृष्ण!" एका वाक्यात चार वेळा 'सबब' घालणारा माणूस नगर जिल्ह्यात दुसरा नाही. संगमनेरच्या शाळेत गाईवरच्या निबंधात 'सदरहू गाय' असं लिहून तू मास्तरांच्या छड्या खाल्ल्या होत्यास. असा माणूस आरोग्याच्या कचेरीत कारकून झाला यात नवल ते काय.

तर तुझीच भाषा तुला वाचून दाखवतो. "पटकीच्या साथीमुळे राजूर येथील आठवडी बाजार व सर्व दुकाने पुढील हुकूम होईपर्यंत बंद राहतील." हा कागद शिपायानं माझ्या दुकानाच्या दोन फळ्यांवर मिळून असा खळीनं चिकटवलाय, की दुकान उघडायचं तर हुकूम फाडावाच लागेल.

बाजार बंद, हे मला पटतं. वीस वाड्यांची माणसं एका ओढ्याचं पाणी पितात, साथ पसरायला आणखी काय हवं. वर करवंदवाडीत दोघं गेलेही. पण दुकानं कशाला रे? डोंगरातला माणूस माझ्याकडे काय न्यायला येतो? नाचणी त्याची, भात त्याचा, भाजी रानातली. डोंगरात पिकत नाही ते एकच, मीठ. तेही आत्ता भरून ठेवायचं, कारण पुढं पावसात वाटा बंद होतात.

आज करवंदवाडीचा भिमाजी आठ मैल चालत आला. तुझ्या कागदापुढं उभा राहून म्हणाला, "शेट, ह्ये काय लिवलंय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी मीठ न्हाई?" मी म्हटलं, "हुकूम आहे." तर म्हणतो, "हुकूम काय पेजंत घालून खायाचा का?" तुला उत्तर सुचलं तर कळव.

आणखी एक. टोचणीवाले डॉक्टर आलेत. त्यांना सावली हवी म्हणून मी दुकानाचा ओटा दिला. आधी मी टोचून घेतलं, मग जहिरानं. तू घेतलंस ना? शाळेत देवीच्या लशीच्या दिवशी तू संडासात लपला होतास, म्हणून विचारतो.

तुझा,
फक्रुद्दीन


अहमदनगर, ता. ८ मे १९४४

प्रिय फक्रुद्दीन,

तुझं पत्र तुझ्या केशरवहिनीला वाचून दाखवलं. संडासाची हकीकत वगळून वाचावी लागल्यामुळे शेवट जरा तुटक झाला. टोचून घेतलं का, असं विचारतोस! अरे, साऱ्या जिल्ह्याच्या टोचणीचे तक्ते माझ्या टेबलावरून जातात. मी घेतलं नाही तर कोण घेणार?

हुकुमाबद्दल तू उगाच मनाला लावून घेतोस. हुकूम साहेबांचा, शाई सरकारची. मधल्या कारकुनाचा त्यात फक्त मनगटापुरता संबंध. साथीच्या दिवसांत दहा माणसं दुकानापुढं उभी राहिली तरी तो बाजारच झाला, असं वरच्यांचं धोरण असेल. आठपंधरा दिवसांची गोष्ट आहे. तोवर तू गादीवर लोड घेऊन पड. तुला सुट्टी देणारं सरकार अजून जन्मलं नव्हतं, ते आता जन्मलं म्हण.

लोक कुरकुरतील आणि गप्प बसतील. पाणी उकळून पीत जा. जहिरावहिनींना नमस्कार.

तुझा,
राधाकृष्ण


राजूर, ता. १४ मे १९४४

राधाकृष्णा,

लोड घेऊन पडलो होतो. पण लोक गप्प बसायचं विसरले बघ.

गेल्या बुधवारी वाड्यांच्या विहिरींत लाल औषध टाकलं. पाणी जांभळट गुलाबी झालं. औषध टाकणारी माणसं माझ्या ओट्यावरून निघाली, टोचणारे डॉक्टर माझ्या ओट्यावर बसतात आणि दुकान बंद असून मिठाच्या गोण्या आत आहेत, हे सगळ्या डोंगराला माहीत. या तीन गोष्टींची लोकांनी एक गोष्ट केली. ती अशी : शेटनं सरकारकडून लाल भुकटी आणली, निम्मी विहिरीत टाकली, निम्मी मिठात कालवतोय. डोंगर रिकामा झाला की जमीन सरकारला आणि हिरड्याचं रान शेटला! मला रान मिळणार म्हटल्यावर जहिरा विचारत होती, तिच्या वाट्याला किती येईल.

हसतोस ना? मीही पहिले दोन दिवस हसलो. मग टोचून घेतलेल्या दोघातिघांना ताप भरला. टोचल्यावर ताप येतो, हे डॉक्टर सांगतात, पण त्यांचं ऐकतो कोण. शुक्रवारी भिमाजीचा धाकटा भाऊ गेला. सकाळी नांगराचा फाळ ठोकत होता, दिवस मावळायच्या आत गेला. त्यानंतर ओट्यावर कोणी टोचायला येत नाही. डॉक्टर एकटेच बसतात आणि मला पान लावून देतात. काल कोणीतरी एक दगड टाकला. लोणच्याची एक बरणी फुटली, बाकी काही नाही.

त्या 'सर्व दुकाने'चं काही बघ. दोन शब्द काढले तर किती काम हलकं होईल. तू नुसता मनगटाचा धनी असलास तरी साहेबांच्या कानाशी बसतोस.

तुझा,
फक्रुद्दीन

भाऊजी, हे पत्र मी टपालात टाकायला नेते आहे म्हणून खाली चार ओळी लिहिते. बरणी दुकानात आत असते. तिथपर्यंत दगड कसा जाईल? दगड यांच्या कपाळाला लागला. रक्त पुष्कळ गेलं. डॉक्टरांनी तीन टाके घातले. तुम्हाला लिहू नको, असं हे म्हणाले. मी लिहिलं हे त्यांना कळवू नका.
जहिरा


अहमदनगर, ता. १८ मे १९४४

प्रिय फक्रुद्दीन,

बरणीची बातमी वाचून फार वाईट वाटलं. अशा बरणीला काही दिवस ऊन लागू देऊ नये, तिच्यावर ताण पडू देऊ नये आणि तिनं डोक्याला रुमाल बांधावा, असं केशर म्हणते. बरणीनं हट्ट करू नये, असं मी म्हणतो.

आता थट्टा पुरे. तुमच्याकडची बातमी इथं निराळ्या अंगानं आली आहे. 'डोंगरात जमाव, सरकारी माणसांवर दगड.' आमचे साहेब वाईट नाहीत, पण बेचाळीस सालापासून चार माणसं एकत्र दिसली की त्यांना झेंडा दिसतो. तालुक्याहून पोलीस पाठवायचं ठरतं आहे. तुझ्या दुकानाचं नाव दोनदा निघालं. "हा दुकानदार कोणाच्या बाजूचा?" असं विचारत होते. मी सांगितलं, "जेवणाच्या." कोणी हसलं नाही.

म्हणून सांगतो, दुकान उघडू नकोस. फळी हलवलीस तर साखर-रॉकेलचा परवाना जाईल, कदाचित तूही जाशील. त्या दोन शब्दांचं मी बघतो. योग्य वेळ पाहून बघतो. आत्ता साहेबांपुढं ते काढणं बरं नव्हे.

तुझा,
राधाकृष्ण


राजूर, ता. २५ मे १९४४

राधाकृष्णा,

जहिरानं लिहिलं ते कळलं. तुझ्यासारखा चहाडीखोर आणि तिच्यासारखी टपालवाली, माझी दोन्हीकडून नाकेबंदी आहे.

तुझं पत्र पोचायच्या आधी गोष्ट होऊन गेली होती. नीट सांगतो.

सोमवारी, एरवी बाजाराचा दिवस, सकाळीच माणसं उतरायला लागली. शंभरावर असतील. कोयते तर त्यांच्या कमरेला रोजच असतात, पण त्या दिवशी ते मला दिसले. पुढं भिमाजी. डोळे आत गेलेले. मी जहिराला मागच्या दारानं शेजारी जा म्हटलं. ती म्हणाली, "शेजारी काय आहे? ते पण माझं तोंड बघून कंटाळलेत," आणि चुलीपाशी बसून राहिली. डॉक्टरांना मी आत घेतलं.

भिमाजी म्हणाला, "शेट, फळ्या काढा, न्हाई तर आमी काढतो."

आता सांगतो, मला भीती कशाची वाटली. दुकान लुटलं जाईल याची वाटलीच. खोटं कशाला बोलू, बापानं बैलाच्या पाठीवर मीठ आणून उभं केलेलं दुकान आहे ते. पण त्याहून जास्त याची वाटली, की यांनी फळ्या फोडल्या तर दुसऱ्या दिवशी पोलीस येतील आणि या माणसांतली निम्मी साथीनं नाही तर गोळीनं जातील. मी म्हटलं, "भिमाजी, मीच काढतो." आणि तुझा हुकूम मधोमध फाडून फळ्या काढल्या.

फळ्या निघाल्या आणि एकजण आत येईना! मिठाची गोणी समोर, आणि शंभर माणसं तिच्याकडं साप बघावा तशी बघत उभी. विष कालवलंय ना त्यात.

तेवढ्यात गर्दीतून रंगुबाई पुढं आली. करवंदवाडीची सुईण. सत्तरीची असेल. या साथीत घरोघरी जाऊन आजाऱ्यांना चमच्या-चमच्यानं भाताची पेज पाजते, तीच. मला म्हणाली, "फकरू, तुज्या आईचं बाळंतपन म्या केलंय. तू उलटा आल्ता. तवापासून तुजं समदं उलटंच हाय. मीठ खा."

मी एक खडा तोंडात टाकला.

"येवढ्यानं काय हुतंय? मूठभर खा."

खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ओढ्याशेजारच्या विहिरीतलं गुलाबी पाणी तांब्याभर मागवलं. तेही प्यायलो. मग ती माझ्यापुढं फतकल मारून बसली आणि सगळ्यांना म्हणाली, "बसा. ह्यो मरतोय का बघू."

राधाकृष्णा, तासभर शंभर माणसं मी मरतोय का ते बघत बसली होती. इतकं लक्ष माझ्याकडं माझ्या लग्नातही कोणी दिलं नव्हतं. मेलो नाही. नुसती तहान तहान झाली. रंगुबाईनं मग स्वतः एक खडा चघळला आणि म्हणाली, "मीठच हाय."

लोक पुढं सरकले तर डॉक्टर आतून ओरडले, "गर्दी करू नका, गर्दीनंच साथ पसरते!" त्यांचं खरं होतं. रंगुबाईनं विचारलं, "कागुद काय म्हंतो? मानसं जमवू नगा, आसंच ना?"

"असंच."

"मंग मानसं कशापायी उतरायची? मीठ वर जाऊ द्या की. मिठाला कुठं पटकी हुती?"

इतकं सोपं! मला सुचलं नाही, डॉक्टरांना नाही, तुम्हा नगरच्या शहाण्यांना नाही. भिमाजीनं दोन बैल दिले, आणखी कोणी चार. दुपारपर्यंत गोण्या चढवल्या. प्रत्येक बैलावर तीन-चार वाड्यांचं मीठ आणि बरोबर एकच माणूस. डॉक्टर म्हणाले, "मीही पेटी घेऊन जातो." माणसं टोचायला खाली येत नाहीत तर पेटी वर. पेटी भिमाजीनंच डोक्यावर घेतली.

मंगळवारी पोलीस आले. जमाव कुठं आहे, विचारायला लागले. जमाव वर घरोघरी पेज शिजवत होता. म्हणून मला नोटीस दिली. हुकूम फाडला, दुकान उघडलं, जमावाला फूस दिली. परवाना रद्द का करू नये, याचा पंधरा दिवसांत खुलासा करावा. म्हणजे बघ, एका महिन्यात मी सरकारचा हस्तकही झालो आणि सरकारचा वैरीही, आणि दोन्ही वेळेला नुसता ओट्यावर बसून होतो. धंद्यात अशी बरकत कोणाला येते?

पण खरं सांगू, परवाना गेला तर दुकान गेलं. जहिरा हसते, तिचं हसणं मला ओळखू येतं. खुलासा कसा लिहायचा ते सांग. तुझे 'सबब' या कामाला उसने दे.

तुझा,
फक्रुद्दीन


अहमदनगर, ता. ३० मे १९४४

फक्रुद्दीन,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. दोन फाडली.

तुझा खुलासा तुला लिहावा लागणार नाही. तो मी लिहिला. कसा, ते सांगतो.

तुझं तीन तारखेचं पत्र आलं, त्याच दिवशी मी फाईल काढून पाहिली होती. साहेबांचा मूळ मसुदा पेन्सिलीचा आहे. त्यात एवढंच आहे : 'राजूर येथील आठवडी बाजार बंद ठेवावा.' दुकानांचा उल्लेख नाही. 'व सर्व दुकाने' हे शब्द माझे. कोणी सांगितले नव्हते. नुसतं 'बाजार बंद' हे वाक्य मला कानाला तोकडं वाटलं. जरा भारदस्त व्हावं म्हणून मी घातले, साहेबांनी न वाचता सही केली.

हे मला आठ तारखेला ठाऊक होतं. तरी तुला 'वरच्यांचं धोरण' असं लिहिलं. तुझा दगड ठाऊक झाला तेव्हाही 'योग्य वेळ पाहतो' असं लिहिलं. योग्य वेळ म्हणजे मला काही होणार नाही अशी वेळ. तशी वेळ येत नसते.

परवा तुझ्यावरच्या नोटिशीची नक्कल माझ्याच टेबलावर आली. तुझं नाव मला स्वच्छ अक्षरात वहीत उतरवायचं होतं. मी टाक खाली ठेवला आणि मसुदा घेऊन आत गेलो.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. "हे शब्द कोणाचे?"

"माझे."

"का घातले?"

"वाक्य अपुरं वाटलं, साहेब."

त्यांनी दोन्ही कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "तुम्ही राजूर पाहिलं आहे?" मी म्हटलं, माझा मित्र तिथं राहतो. ते म्हणाले, "मी ते विचारलं नाही." खरंच, फक्रुद्दीन, तू दहा वर्षं बोलावतोस आणि मी एकदाही आलो नाही.

तुझी नोटीस मागं घेतली आहे. दुरुस्त हुकूम सोबत जोडला आहे : बाजार बंद, दुकानं खुली, माल वाडीवर पोचवण्यास हरकत नाही. रंगुबाईंचं नाव घालता आलं नाही. माझी बदली झाली. तुमच्याकडच्या टोचणी-पथकाबरोबर वाड्यांवर फिरून नोंदी करायच्या. नगरच्या पंख्याखालून एकदम करवंदवाडी. ही शिक्षा आहे. निघण्यापूर्वी टोचून घ्यावं लागलं. पहिल्यांदाच. तेही मी तुला खोटं लिहिलं होतं. केशरनं दंड धरून ठेवला होता.

मी पाच-सहा दिवसांत निघेन. राजुरात उतरल्यावर तुझ्या ओट्यावर यावं की सरळ पथकाकडे जावं, एवढं कळव. नाही म्हणालास तरी मला समजेल.

राधाकृष्ण


राजूर, ता. ५ जून १९४४

राधाकृष्णा,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तीन दिवस उत्तर लिहिलं नाही. जहिरानं दौत आणून ठेवली, मी उचलून ठेवली, असं तीन दिवस चाललं.

राग दगडाचा नाही. तीन टाके काय, जहिराच्या मते कपाळ आधीपेक्षा बरं दिसतं. भिमाजीचा भाऊ गेला तेव्हा त्याच्या घरात मिठाचा खडा नव्हता. मी रंगुबाईला विचारलं, "मीठ असतं तर वाचला असता का?" ती म्हणाली, "कुनाला ठावं. आळनी पेज त्याच्या पोटात ठरली न्हाई, येवडंच म्या पाह्यलं." मी तिला तुझी गोष्ट सांगितली. सगळी. मला वाटलं, शिव्या देईल. तिनं विचारलं, "त्यो सोताहून बोल्ला का पकाडला?" मी म्हटलं, स्वतःहून. "मंग यिऊ द्या," म्हणाली. "आन भिमाजीला त्यानंच सांगायचं. तू मधी बोलायचं न्हाई."

तर माझंही तेच म्हणणं. ओट्यावर ये. जहिरा जेवायला वाढेल, मी चार दिवस कमी बोलेन, ते तुला आवडेल. पण वर गेलास की दुरुस्त हुकूम तू स्वतः वाचून दाखव, आणि आधीचा कोणी लिहिला, तेही.

चढ भारी आहे. येताना वहाणा नव्या घालू नकोस.

फक्रुद्दीन


करवंदवाडी, ता. १४ जून १९४४

फक्रुद्दीन,

नव्या वहाणा घातल्या होत्या. पुढचं तू समजून घे. मिठाचा बैल घेऊन उतरणाऱ्या माणसाबरोबर हे पत्र देतो.

इथं सात दिवसांत नवा आजारी नाही. डॉक्टर अजून हसत नाहीत, पण काल शीळ घालत होते.

हुकूम वाचला तो देवळापुढच्या दगडावर उभा राहून. माणसं आपापल्या दारात होती, कोणी जमलं नाही. वाचून झाल्यावर भिमाजीनं विचारलं, "मंग आदीचं कुनी लिवलं हुतं?"

मी म्हटलं, "मी."

मला वाटलं, तो मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "चला." मी मागं मागं गेलो. पहिलं घर त्याच्या भावाचं. भावजय दारात बसली होती. तो तिला म्हणाला, "ह्यो त्यो मानूस." एवढंच. ती बोलली. नवऱ्याचं नाव सांगितलं, त्याला कुठलं गाणं यायचं ते सांगितलं, शेवटी पाणी मागत होता ते सांगितलं. मी उभा राहून ऐकलं. वही काढली नाही.

वाडीत नऊ माणसं गेली आहेत. त्या दिवशी मी दोन घरं केली. मग रोज एक-दोन. भिमाजी पुढं, मी मागं, प्रत्येक दारात तेच तीन शब्द. एका घरी शिव्या मिळाल्या, एका घरी गुळाचा खडा. काय जास्त टोचलं, सांगता येत नाही. ऐकून झालं की भिमाजीच त्यांना म्हणतो, "आता टोचून घ्या," आणि घेतात. असं का, ते मी त्याला विचारलेलं नाही.

आज शेवटच्या घरी गेलो. कडूबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिची सून आणि नातू दोघं गेली. भिमाजीनं ते तीन शब्द उच्चारले आणि तिनं दार लावून घेतलं. आम्ही उन्हात उभे राहिलो. मला वाटलं, आता परत फिरावं, तिला त्रास कशाला.

भिमाजी म्हणाला, "उद्या परत यिऊ."

म्हणून परवाच्या बैलाबरोबर मी खाली उतरणार नाही. जहिरावहिनींना जेवणासाठी थांबू नका म्हणावं. उद्या परत जायचं आहे, आणि तिनं उद्याही लावलं, तर परवा.

राधाकृष्ण